बालवाडीच्या उंबरठ्यावर : मूल आणि त्याचे घर

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडते. तोरणे, प्रभातफेरी, गुलाबाची फुले आणि खाऊ यांचा समारंभ आटोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या दारात तीन वर्षांचे एक मूल आईचा पदर घट्ट धरून उभे राहते. आत चल म्हटले की ते रडू लागते. आई एकदा मुलाकडे पाहते, एकदा बाईंकडे पाहते. पेरणी खोळंबलेली असते, वाटेवर सोबतिणी थांबलेल्या असतात. अखेर कोणीतरी मुलास खेळणे दाखवितो. मुलाची नजर तिकडे वळताच आई मागल्या बाजूने निघून जाते. क्षणभराने मूल वळून पाहते, तो आई नाही.

एवढ्याशा प्रसंगात त्या मुलास शाळेचा पहिला धडा मिळून गेलेला असतो. या जागी आले की आई नाहीशी होते, असा तो धडा होय. दुसऱ्या दिवशी ते मूल घरात कणगीमागे लपून बसते. तिसऱ्या दिवशी त्यास ओढीत आणावे लागते. आठ दिवसांनी घरची माणसे म्हणतात, "लहान आहे अजून, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच घडते आणि मूल एकदम पहिलीच्या वर्गात दाखल होते. ज्या वयात त्याने समवयस्कांत खेळावे, बोलावे आणि गोष्टी ऐकाव्या, ते वय हातचे निघून गेलेले असते. पहिलीचे शिक्षक मग म्हणतात की हे मूल बोलत नाही. परंतु त्याच्या अबोलपणाचे मूळ दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

म्हणून बालवाडीतील प्रवेश हा पटावर नाव लिहिण्यापुरता विषय नाही. मुलाने घर आणि शाळा यांच्यामध्ये टाकलेले ते पहिले पाऊल होय. त्याची तयारी मुलाने करावयाची, त्याच्या घराने करावयाची, आणि त्या दोहोंहून अधिक शाळेने करावयाची असते.

१. हा प्रश्न प्राथमिक शिक्षकाचा कसा?

बालवाडी अथवा अंगणवाडी हे सेविकाताईंचे काम, आपला संबंध पहिलीपासून, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. ती आता सोडली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे मिळून हा टप्पा पुरा होतो. बालशिक्षणाच्या क्रियांत गोडी निर्माण झालेले मूल पहिलीत आले तर शिक्षकाचे निम्मे काम हलके होते. भ्यालेले मूल आले तर तेच काम दुप्पट होते. शिवाय गावातील लोक 'गुरुजी' आणि 'बाई' यांच्या शब्दास मान देतात. सेविकाताईंबरोबर शिक्षक घरी गेले, तर त्या भेटीचे वजन वाढते.

२. तयारी कशास म्हणावे?

तयारी म्हणताच पालकांच्या डोळ्यांसमोर पाटी-पेन्सिल येते. मुलास अ, आ, इ गिरविता यावे आणि शंभरपर्यंत अंक म्हणता यावेत, हीच तयारी, असे त्यांस वाटते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल धरण्याइतकी पक्की झालेली नसतात. त्यास बळेच गिरवावयास लावणे म्हणजे शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच लेखनाचा कंटाळा शिकविणे होय. माती मळणे, शेंगा फोडणे, मणी ओवणे आणि कणीक तिंबताना आईजवळ बसून एक गोळा आपणही थापणे, ही त्या बोटांची खरी पूर्वतयारी आहे. ती खेड्यातील प्रत्येक घरात विनाखर्च होऊ शकते.

या वयाच्या मुलाची खरी तयारी थोडक्यात अशी सांगता येईल : आईविना काही वेळ राहता येणे, आपली गरज शब्दाने वा खुणेने सांगता येणे, आपल्या हाताने खाता येणे व हात धुता येणे, आणि आई गेली तरी ती परत येते, हा विश्वास मनात असणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती साधली की बाकीच्या गोष्टी आपोआप मागून येतात. ती नसेल तर उरलेल्या गोष्टी असूनही मूल दारातच अडते.

३. या विचाराची परंपरा

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेस 'मुलांची बाग' या अर्थाचे नाव दिले. पुढे १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसोरी यांनी रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह काढले. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासोबत काम केले आणि तेथेच १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

ग्रामीण शिक्षकास यापुढचा भाग विशेष उपयोगी आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी पालकांस दोष दिला नाही. बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या कल्पनेचा उगम असा एका अडचणीत आहे. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि माती आली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोहोचला.

या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या घरापर्यंत जावे.

४. घरभेट

शाळा उघडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरभेटी घ्याव्यात. वेळ संध्याकाळची, माणसे शेतावरून परतल्यानंतरची असावी. भेटीत प्रथम मुलाशी ओळख करावी, आणि तीही घाई न करता. मूल आईच्या मागे लपले तर त्यास ओढून पुढे आणू नये. शिक्षकाने जमिनीवर बसावे, घरच्यांशी गप्पा माराव्यात आणि हातात एखादी चिंचोक्यांची पुरचुंडी ठेवावी. मूल आपण होऊन जवळ येते. एकदा आपल्या घरच्या ओट्यावर पाहिलेला चेहरा शाळेच्या दारात दिसला, की ते दार अर्धे ओळखीचे झालेले असते.

घरी पुढील गोष्टी विचारून टिपून घ्याव्यात : मुलास घरात कोणत्या नावाने हाक मारतात, लघवी-शौचास लागल्याचे ते कोणत्या शब्दाने सांगते, ते कशाला भिते, कोणाजवळ शांत होते, काय खात नाही, अलीकडे घरात दुखणे, मृत्यू वा नवे भावंड आले आहे काय. बाळंतपण होऊन आई घरी आली आणि त्याच आठवड्यात थोरल्यास बालवाडीत धाडले, तर आपणास घराबाहेर काढले असे त्यास वाटते. अशा वेळी चार दिवस आधी वा चार दिवस नंतर पाठविण्याचा सल्ला द्यावा. माता-बाल संरक्षण कार्डही याच भेटीत पाहावे. लसीची एखादी मात्रा राहिली असेल तर आशाताईंना कळवावे.

या भेटीत एक नाजूक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. "गप बस, नाही तर गुरुजींना सांगते", "तिकडे सुई टोचतात", "शाळेत घातल्यावर बघ कसा सरळ होतोस", असे धाक घरोघरी घातले जातात. त्यात वाईट हेतू नसतो. परंतु ज्या माणसाचा बागुलबोवा केला, त्याच्याच स्वाधीन मुलास करावयाचे असते. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे, हे पालकांस सांगावे. शिक्षकाने आपल्या वागणुकीने त्याची प्रचीती द्यावी, हे त्याहूनही महत्त्वाचे.

५. घराने काय करावे?

पालकांस लांबलचक उपदेश करू नये. पुढील पाच-सहा गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात.

(१) शाळा सुरू होण्यापूर्वी मुलास दोन-तीन वेळा बालवाडीत आणून फिरवावे. नळ, शौचालय आणि खेळाची जागा दाखवावी.

(२) आजी, आत्या वा शेजारीण यांच्याजवळ थोडा थोडा वेळ ठेवण्याची सवय करावी. जाताना सांगून जावे व सांगितल्याप्रमाणे परत यावे.

(३) मुलास स्वतः सोडता येतील असे कपडे घालावेत. नाडीची गाठ सुटत नाही म्हणून कपडे ओले झाले, तर ती लाज मुलाच्या मनात फार दिवस राहते.

(४) रात्री वेळेवर झोपवावे. अर्धवट झोपेतून उठविलेले मूल शाळेत नव्हे, झोपेसाठी रडत असते.

(५) भाकऱ्या मोजणे, शेंगा निवडणे आणि लहान-मोठी भांडी लावणे यांत मुलास सामील करून घ्यावे. रोज रात्री एक गोष्ट सांगावी. गोष्ट सांगण्यास साक्षर असावे लागत नाही.

(६) वडिलांनीही एखाद्या दिवशी मुलास पोहोचवावयास यावे. मूल केवळ आईचे नाही, हे मुलासही कळावे.

महाग दप्तर व गणवेश यांची निकड नाही, हेही सांगावे. दप्तर घ्यावयास पैसे नाहीत म्हणून मूल घरी राहिल्याचे एकही उदाहरण गावात असू नये.

६. पहिला पंधरवडा

सर्व नवी मुले एकाच दिवशी बोलावू नयेत. रोज तीन-चार मुले घ्यावीत. एक मूल रडू लागले की सारा वर्ग रडू लागतो आणि एकट्या ताईंचे दोन हात पुरत नाहीत. पहिले दोन दिवस आईने अथवा आजीने आत बसावे. नंतर ओसरीवर बसावे. पुढे तिने थोडा वेळ जाऊन यावे. मुलास प्रथम तासभर ठेवून वेळ हळूहळू वाढवावा. पेरणीच्या दिवसांत आईला बसणे शक्य नसते, तेव्हा आजी, आजोबा किंवा थोरले भावंड चालते.

निरोप मात्र नेहमी सांगून घ्यावा. "मी बारा वाजता येते" या वाक्यास तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी अर्थ नाही. "खिचडी खाऊन झाली, हात धुतले, की मी दारात उभी असेन", हे त्यास समजते. असे सांगून त्या वेळी आई खरोखर दारात असलीच पाहिजे. निरोपाच्या वेळी मूल रडले तरी हरकत नाही. ते रडे दुःखाचे असले तरी फसवणुकीचे नसते आणि बहुधा लवकर ओसरते. आईचा एखादा रुमाल वा जुन्या लुगड्याचा तुकडा मुलाजवळ राहू द्यावा. त्यास कोणी हसू नये.

रडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. कोपऱ्यात मुकाट बसणाऱ्या मुलाकडे जात नाही. ते शहाणे आहे असे समजू नये. त्याचे दुःख कदाचित अधिक खोल असेल. त्याच्याजवळ रोज काही वेळ बसावे आणि बोलण्याची सक्ती करू नये. पंधरवडा उलटूनही मूल खात नसेल, झोपेत दचकत असेल वा मुळीच बोलत नसेल, तर पुन्हा घरी जावे व आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा.

७. घरची बोली

कोरकू, वारली, गोंडी, भिल्ली वा अहिराणी बोलणाऱ्या मुलास शाळेत पहिल्याच दिवशी केवळ पुस्तकी मराठी ऐकू आली, तर त्याची आई आणि भाषा दोन्ही एकदम सुटतात. शिक्षकास ती बोली येत नसेल तर निदान वीस शब्द शिकावेत : पाणी, भूक, आई, ये, बस, दुखते, भीती, घर. मूल जो शब्द घेऊन येते तो चुकीचा ठरवू नये. त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवावा. घरच्या शब्दास मान मिळाला, की मूल नवा शब्द आनंदाने उचलते.

८. ज्यांचे घर चालते असते

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले जूनमध्ये येतात आणि दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. चार महिन्यांसाठी कशाला, असे म्हणून त्यांची नावे मागे ठेवली जातात. वास्तविक या मुलांस ओळखीच्या जागेची गरज सर्वांत अधिक असते. जाण्यापूर्वी त्यांचा निरोप समारंभाने घ्यावा, त्यांनी काढलेले चित्र भिंतीवर राहू द्यावे, आणि परतल्यावर ते चित्र तेथेच आहे हे त्यांस दिसावे. आई जाते व परत येते, तसेच आपण गेलो तरी शाळेत आपली जागा असते, हा विश्वास त्यांस मिळावयास हवा.

९. उपसंहार

मुलास शाळेसाठी तयार करा, असे शाळा घरास सांगत आली आहे. शाळा मुलासाठी तयार आहे काय, हा प्रश्न शिक्षकाने आधी स्वतःस विचारावा. दारातील चिखल बुजविलेला आहे काय? पाण्याचे मडके मुलाच्या हाताच्या उंचीवर आहे काय? त्याचे घरचे नाव कोणास ठाऊक आहे काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर जूनच्या त्या सकाळी मूल पदर धरून उभे राहील, थोडे रडेल, आणि ओळखीचा चेहरा पाहून एक हात सोडील. दुसरा हात सुटावयास काही दिवस लागतील. तेवढे दिवस शिक्षकाने द्यावेत.

केंद्रसंमेलनातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात तीन वर्षे पूर्ण झालेली परंतु बालवाडीत न येणारी मुले किती? प्रत्येकाच्या न येण्याचे कारण घरी जाऊन लिहून आणा.

२. मुलांस शाळेचा धाक घालणारी कोणती वाक्ये आपल्या परिसरात प्रचलित आहेत? त्यांऐवजी पालकांनी काय म्हणावे?

३. आपल्या परिसरातील बोलीतील मुलांच्या नित्याच्या वीस शब्दांची यादी सेविकाताईंच्या साहाय्याने तयार करा.

४. पहिल्या पंधरवड्याचे वेळापत्रक आपल्या गावातील शेतीची कामे ध्यानी घेऊन आखा.