तीन नद्यांचा आठवडा

धुळे

चिरंजीव भाच्यास व त्याच्या मित्रमंडळीस,

पत्रास कारण की, नाताळच्या सुट्टीत सायकलवरून खानदेश पाहण्याचा मंडळींचा बेत कळला आणि सोबत आलेली स्थळांची यादीही वाचण्यात आली. अजिंठा, पाटणादेवी, पाल, उनपदेव, चांगदेव, पद्मालय, थाळनेर आणि लळिंग इतकी ठिकाणे त्या यादीत सात दिवसांत बसवलेली आहेत. मोटारीने ती कदाचित उरकता येतील, सायकलने येणार नाहीत. आणि उरकणे हाच हेतू असेल, तर सायकली घरी ठेवलेल्याच बऱ्या.

प्रदेशाची घडण ध्यानात घेतली की बेत बराचसा आपोआप ठरतो. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये तापीचे खोरे पसरलेले असून, तापी स्वतः पश्चिमेकडे वाहते, तर गिरणा, बोरी आणि पांझरा या तिच्या उपनद्या दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात. त्यामुळे जळगावाहून धुळ्याकडे निघालेला प्रवासी या तिन्ही नद्या क्रमाने गाठतो. 1906 पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, पुढे त्यांनाच जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. सात दिवसांत एवढा मुलूख पालथा घालण्याचा हट्ट सोडून, एकेका नदीला दोन दिवस द्यावेत आणि उरलेला एक दिवस मोकळा ठेवावा, हा या पत्राचा मुख्य सल्ला आहे.

रमतगमत सायकल चालवणे म्हणजे ताशी 12 ते 15 किलोमीटरांच्या चालीने, दिवसाकाठी शक्यतो 30-40 किलोमीटरांहून अधिक न जाता, दुपारी बाराच्या आत चाके थांबवणे होय. डिसेंबरात पहाटे थंडी बोचरी असली तरी दुपारचे ऊन चांगलेच तापते, आणि खानदेशी जेवणानंतर सायकल चालवण्याचा विचार कोणी जाणता माणूस करणार नाही. हिवाळ्यात येथे भरताची वांगी येतात: लांबोडी, हिरवी, हाताला जड. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती साल काळी पडेपर्यंत भाजून, गर ठेचून, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली जाते, वर तेलाचा हात सढळ असतो आणि सोबत कळण्याची पुरी असते. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेले पीठ. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, म्हणजे विशिष्ट प्रदेशाचा माल म्हणून त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. शेतात भरिताचा बेत असल्याचे निमंत्रण आले, तर त्या दिवशीचे पुढचे वेळापत्रक निःसंकोच रद्द करावे.

गिरणेच्या वाट्याचे, म्हणजे जळगावचे, दोन दिवस शहराभोवतीच घालवावेत. पहिल्या सकाळी आसोदा आणि भादली ही जवळजवळची दोन गावे पाहता येतात. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर, तेथे 1880 मध्ये त्यांचा जन्म झाला. आणि भादलीच्या स्थानकाजवळ 1918 च्या मे महिन्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. या वाटेवर पाहण्यासारखी मोठी इमारत कोणतीही नाही. केळीच्या बागा, कपाशीची शेते आणि मधून जाणारा लोहमार्ग एवढेच आहे, आणि ते हळू पाहिले तरच दिसते. दुसऱ्या दिवशी मेहरूण तलावावरून शिरसोली रस्त्याने जैन हिल्सवरील गांधीतीर्थ गाठावे. 2012 मध्ये खुले झालेले हे संग्रहालय घाईत तासाभरात ‘करून’ येणारे पुष्कळ असतात. मंडळींनी निदान अर्धा दिवस द्यावा.

अजिंठा या आठवड्यातून वगळावा, हे मत यादी करणाऱ्याला रुचणार नाही याची कल्पना आहे. परंतु जळगावापासून सुमारे 60 किलोमीटरांवरील ती लेणी थकलेल्या पायांनी पाहणे हा लेण्यांवर आणि पायांवर सारखाच अन्याय आहे. त्यासाठी पुन्हा एकदा एसटीने यावे, फक्त सोमवारी लेणी बंद असतात हे विसरू नये.

तिसऱ्या दिवशी जळगाव सोडताना एकच खरी अडचण येते. बांभोरीजवळ गिरणा ओलांडून पाळधीपर्यंत जाणारा रस्ता हा सुरत-नागपूर महामार्गाचाच भाग असून त्यावर अवजड वाहनांची रीघ असते. म्हणून उजाडताच निघून तो तुकडा एकामागोमाग एक अशा ओळीने, गप्पा न मारता पार करावा, अथवा पार्सल कचेरीत आदल्या दिवशी चौकशी करून सायकलींसह रेल्वेने धरणगावी उतरावे; यात कमीपणा मानू नये. धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. तेथून अमळनेरकडे जाताना लोकांच्या बोलण्यात लेवा बोली मागे पडून अहिराणी वाढत जाते, ती कानावर पडू द्यावी, पण नक्कल करू नये. वाटेत कापसाने भरलेले ट्रॅक्टर भेटतात. त्यांच्या ट्रॉलीतील माल दोन्ही बाजूंना फुगून बाहेर आलेला असतो, तेव्हा त्यांना ओलांडण्याऐवजी थांबून जाऊ द्यावे.

याच वाटेवर बाभळीचे काटे असतात, आणि खानदेशात सायकलस्वाराचा खरा शत्रू चढ नसून काटा आहे. सायकल रस्त्याच्या कडेला घेताना ती उचलून न्यावी, ढकलू नये. पंक्चर झालेच, तर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जुने फडके सावकाश फिरवावे, कारण मोडलेले टोक डोळ्यांना दिसत नाही, फडक्याला मात्र अडकते. ते तसेच राहिले तर शंभर पावलांवर दुसरी ट्यूबही जाते.

बोरीकाठच्या अमळनेरात चौथा दिवस सायकलीला हात न लावता काढावा. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी येथील शाळेत शिक्षक व छात्रालयाचे प्रमुख होते. याच गावात 1945 मध्ये वनस्पती तूप करणारी जी कंपनी निघाली तिचीच पुढे विप्रो झाली, हे संगणक शिकणाऱ्या मंडळींनी तरी जाणून घ्यावे.

अमळनेर ते धुळे हा पाचव्या दिवसाचा टप्पा सरळ आहे, त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. धुळ्यातील आखीव वस्ती इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्ज याने वसवली, म्हणून तेथील गल्ल्या सरळ आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या आहेत. सायकलवरून त्या फिरणे फार सुखाचे असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी येथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. तेथील जुनी कागदपत्रे आणि मूर्ती, तसेच शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमातून जमलेली समर्थ वाग्देवता मंदिरातील रामदासी हस्तलिखिते पाहण्यापूर्वी आदल्या दिवशी विचारून वेळ ठरवावी. 1932 मध्ये विनोबांनी गीतेवरील प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्या प्रवचनांच्या पुस्तकाची एक प्रत सामानात असू द्यावी.

सहाव्या दिवसासाठी सर्वांत मोलाची गोष्ट राखून ठेवली आहे. साक्री तालुक्यात पांझरेवर फड पद्धत नावाची सामुदायिक सिंचनाची जुनी रीत आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी ज्या शेतजमिनीवर नेतात तिला थळ म्हणतात. थळाचे काही फड पाडतात, एका फडात सर्वांनी एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे आणि वर्षागणिक पिकांची पाळी फिरवावयाची, असा नेम असतो. पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला असून पाण्याची पाळी तो सांभाळतो. बऱ्याच ठिकाणी ही व्यवस्था खिळखिळी झाली आहे, तरी बंधारे आणि पाट पाहता येतात. छोट्या टेम्पोत सायकली घालून पिंपळनेरला जावे आणि तेथून साक्रीपर्यंत नदीच्या उताराबरोबर खाली यावे. पाटावर माणूस भेटला तर सायकलवरून उतरून बोलावे, आणि पाटात पाय धुवू नयेत.

सातवा दिवस मोकळा आहे. परतताना चाळीसगावच्या गाडीने गेल्यास स्थानकाजवळच केकी मूस यांचे कलादालन आहे, आणि त्यांनी टेबलावर मांडणी करून टिपलेली छायाचित्रे पाहण्यास तासभर पुरतो.

मंडळी किती आहेत व सायकली किती, हे आठ दिवसांत कळवावे, म्हणजे पिंपळनेरचा टेम्पो आणि राहण्याची सोय ठरवून ठेवता येईल. मामीने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळवून ठेवले आहेत.

कळावे,
मामाचे अनेक आशीर्वाद.