पाठ ९ : ठिणगीची वेळ

तुम्ही कधी कुणाला झोका दिला आहे का? झोका मागे येतो, क्षणभर थांबतो आणि पुढे निघताना आपण धक्का देतो. आधीच दिला तर आपल्याच हाताला मार बसतो. उशिरा दिला तर जोर वाया जातो. जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनातही असंच असतं.

इथे कासलबारमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांकडे मॉरिस मायनर आहे. हे मॉडेल १९४८ साली इंग्लंडमध्ये आलं. भारतातली अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून बनली, म्हणजे या दोघी बहिणीच! आजोबांची तक्रार होती, की चढावर इंजिन खडखडतं आणि पेट्रोलही जास्त लागतं. ते गाडी विकायला निघाले होते.

आधी इंजिन समजून घेऊ. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबत वर येतो. मग ठिणगी पडते. पण मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडायला हवी. जळायला २ मिलिसेकंद लागतात असं धरू. मिनिटाला १००० फेरे असतील, तर तेवढ्यात इंजिन १२ अंश फिरतं. ३००० फेरे असतील, तर ३६ अंश! म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर हवी. डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं हे काम करतात. वेग वाढला की ती बाहेर सरकतात.

पण वेग हे एकच कारण नाही. सपाट रस्त्यावर आपण अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबतो. तेव्हा इंजिनात मिश्रण कमी जातं आणि ते सावकाश जळतं. म्हणजे ठिणगी अजून लवकर हवी. हे इंजिनाला कसं कळणार? तेव्हा कार्ब्युरेटरची झडप थोडीच उघडी असते, म्हणून इंजिन हवा जोरात ओढतं. ही ओढ एका बारीक नळीतून डिस्ट्रिब्युटरच्या चपट्या डबीपर्यंत पोचते. डबीत एक पडदा असतो. तो खेचला जातो, आतली प्लेट थोडी फिरवतो आणि ठिणगी लवकर पडते. याला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स म्हणतात. चढावर आपण पाय पूर्ण दाबतो. झडप उघडते, ओढ कमी होते आणि पडदा परत जागेवर येतो. तसं झालं नाही तर ठिणगी फार लवकर पडते, इंजिन ठोकतं आणि दट्ट्याही खराब होऊ शकतो.

आम्ही इंजिन बंद केलं, नळी काढली आणि तोंडाने हवा ओढून पाहिली. प्लेट हललीच नाही. पडदा फाटला होता! सपाट रस्त्यावर गाडी मरगळते, म्हणून कुणीतरी अख्खा डिस्ट्रिब्युटरच फिरवून ठेवला होता. सपाट रस्त्यावर बरं वाटायचं, पण चढावर ठिणगी फार लवकर पडायची. म्हणजे एक बिघाड झाकायला दुसरा केला होता. आम्ही नवी डबी बसवली आणि टायमिंग पुस्तकातल्या आकड्यावर आणलं. चढावरची खडखड थांबली. गाडी अजून आजोबांकडेच आहे.

आजच्या गाडीत हा हिशोब संगणक करतो. मी रोज संगणकावरच काम करतो, पण त्या छोट्याशा पडद्याचं मला अजून नवल वाटतं.

शब्दार्थ
ठिणगी – आगीचा छोटा कण
झडप – उघडणारं आणि बंद होणारं झाकण
मरगळणे – उत्साह, जोर कमी होणे
बिघाड – यंत्रातला दोष

स्वाध्याय
१. चढावर ठिणगी फार लवकर पडली तर काय होतं?
२. मिनिटाला २००० फेरे असतील, तर २ मिलिसेकंदांत इंजिन किती अंश फिरेल?
३. ‘एक बिघाड झाकायला दुसरा केला’ असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? पाच वाक्यं लिहा.
४. घरी विचारा : अ‍ॅम्बॅसडरमध्ये कोण बसलं आहे? त्यांची आठवण वर्गात सांगा.