टी-शर्टवरचा डायनासोर तपासताना

मागच्या वर्षी आमच्या वर्गाने फेस्टिव्हलसाठी टी-शर्ट छापून घेतले. पाठीवर भलामोठा टी. रेक्स, ताठ उभा आणि शेपटी जमिनीवर टेकलेली. सगळ्यांना जाम आवडला. फक्त मेकॅनिक्सचे सर म्हणाले, "याचा फ्री बॉडी डायग्राम काढून दाखवा बघू!" आम्ही ते हसण्यावारी नेलं. रात्री होस्टेलवर खरंच काढायला बसलो, तेव्हा चूक कळली. जीवाश्मांची डिझाइन्स टी-शर्ट, कानातले, पेंडंट अशी सगळीकडे दिसतात. ती तपासायच्या तीन सोप्या कसोट्या इथे देत आहे.

१) तोल : टी. रेक्स सुमारे १२ मीटर लांब आणि दोनच पायांवर चालणारा. खुब्याच्या पुढे जड डोके व धड, मागे जाडजूड शेपटी. खुब्याभोवती दोन्हीकडचे मोमेंट सारखे हवेत. म्हणून पाठ जवळपास आडवी आणि शेपटी हवेत, अगदी सी-सॉसारखी! शेपटी टेकवली की तिपाई होते. तिपाई उभी राहते, पण चालत नाही. पावलांच्या ठशांमागे शेपटी घासल्याच्या खुणाही क्वचितच सापडतात.

मग हे चित्र आलं कुठून? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९१५ साली टी. रेक्सचा सांगाडा असाच ताठ उभा केला होता. पुढची कित्येक चित्रे आणि खेळणी त्याच थाटाची झाली. म्युझियमने १९९० च्या दशकात सांगाडा आडव्या पाठीने पुन्हा मांडला. कपड्यांवर मात्र जुने चित्र अजून दिसते. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजनवर जॉब केला तर काय होते, ते सांगायला नको!

२) वाढ : पेंडंटवर दिसणारा गोल वेटोळ्यांचा शंख म्हणजे अमोनाइट. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही पुष्कळदा अमोनाइटच असतो. हा प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही आणि शंख फक्त तोंडाशी वाढे. प्राणी मोठा होई तसा नवा वेढाही रुंद होई. म्हणून बहुतेक अमोनाइटमध्ये वेढ्यांची रुंदी १, २, ४ अशी गुणोत्तराने वाढते. (गुणोत्तर जातीप्रमाणे बदलते.) डिझाइनमध्ये सगळे वेढे सारख्याच रुंदीचे दिसले, तर ती बहुधा डास पळवायची कॉइल समजावी!

३) कातडी : सिनेमामुळे वेलोसिरॅप्टर माणसाएवढा आणि गुळगुळीत कातडीचा छापला जातो. खरा वेलोसिरॅप्टर खुब्यापाशी जेमतेम अर्धा मीटर उंच होता. मंगोलियात सापडलेल्या त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याचे उंचवटे आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याला पिसे हवीतच.

कोणी म्हणेल, टी-शर्टच तो, एवढं काय? पण आपल्यापैकी किती जण म्युझियममध्ये जातात? बहुतेकांनी डायनासोर पाहिला तो कपड्यांवर, दप्तरावर नाहीतर पडद्यावर. तिथली चूक डोक्यात पक्की बसते. आणि बरोबर चित्र छापायला एक पैसाही जास्त पडत नाही.

यंदा आम्ही टी-शर्ट पुन्हा छापतोय. या वेळी पाठीवर राजासौरस आहे. गुजरातमध्ये सापडलेल्या हाडांवरून २००३ साली या डायनासोरचे नामकरण झाले. पाठ आडवी, शेपटी हवेत. छापायला देण्याआधी डायग्राम सरांना दाखवलाय!