अपघात झाला, भरपाई कशी मागायची?

मैत्रिणींनो, गाडीनं धडक दिली की गावात लगेच म्हणतात, "जाऊ द्या, आपसांत मिटवा." हातात चार पैसे पडतात, पण पाय कायमचा अधू झाला तर पुढं कोण बघणार? प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. धडक बसलेल्या माणसाला भरपाई मिळावी, यासाठीच तो असतो.

१. आधी १०८ ला फोन करा. गाडीचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा.

२. पोलिसांत नोंद कराच. एफआयआरची प्रत तक्रार देणाऱ्याला मोफत मिळते. पंचनाम्याचीही प्रत मागा.

३. दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड, डेअरीच्या पावत्या, मजुरीची नोंद जपून ठेवा. "मी घरीच असते" असं म्हणू नका. घरकामाचीही किंमत भरपाईत धरली जाते.

४. सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आपण राहतो त्या भागातल्या प्राधिकरणाकडेही तो चालतो. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

५. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. तहसील कार्यालयात विचारा.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे पैसे याहून वेगळे. वर्षाला फक्त २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. पुढच्या बैठकीला पासबुक आणा, हप्ता कापला गेलाय का ते मिळून बघू.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: वाचून घेतल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही-अंगठा नको.