कुंपणापलीकडचे मैदान

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स प्रांतात बॅरेलन नावाचे एक लहानसे गाव आहे. सभोवार गव्हाची विस्तीर्ण शेते आणि मेंढ्यांची कुरणे, आणि मध्ये अवघी काहीशे लोकांची वस्ती. या गावात केन गुलागाँग हे मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम करून आपल्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. हे कुटुंब विराजुरी या आदिवासी जमातीचे होते. केन आणि त्यांच्या पत्नी मेलिंडा यांना आठ अपत्ये झाली. त्यांतील तिसरे अपत्य म्हणजे इव्हॉन. तिचा जन्म ३१ जुलै १९५१ रोजी झाला.

त्या काळी आदिवासी मातापित्यांच्या मनात एक भय सदैव घर करून असे. १७८८ पासून गोऱ्या लोकांनी त्या देशात वसाहती केल्या आणि हजारो वर्षे तेथे नांदणारे आदिवासी आपल्याच भूमीत उपरे ठरले. पुढे विसाव्या शतकात सरकारी अधिकारी आदिवासींच्या कितीतरी मुलांना घरांतून नेत आणि संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवीत. कारण सांगितले जाई मुलांच्या कल्याणाचे. परंतु मुले आपल्या आईला, आपल्या भाषेला आणि आपल्या माणसांना कायमची पारखी होत. म्हणूनच एखादी चकचकीत मोटार दिसली, की इव्हॉनची आई मुलांना लपून बसावयास सांगे. या अन्यायाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १३ फेब्रुवारी २००८ रोजी जाहीर क्षमा मागितली.

अशा भयाच्या छायेत वाढणाऱ्या इव्हॉनला चेंडूचे मात्र विलक्षण वेड होते. सफरचंदांच्या खोक्याच्या फळीची बॅट करून ती भिंतीवर तासन् तास चेंडू मारीत बसे. एकदा तिने मुलींच्या एका मासिकात एक गोष्ट वाचली. त्या गोष्टीतील मुलगी टेनिस शिकून विंबल्डन नावाच्या ठिकाणी खेळावयास जाते. हे विंबल्डन कोठे आहे, हेही इव्हॉनला ठाऊक नव्हते. पण आपणही तेथे जावे, हे स्वप्न तिच्या मनात रुजले.

गावात टेनिसचे मैदान होते. इव्हॉन कुंपणाबाहेर उभी राहून खेळ पाहत असे. बिल कर्ट्झमन नावाच्या गृहस्थांनी तिला पाहिले आणि आत येऊन खेळण्यास बोलाविले. ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु ज्या देशात आदिवासींना अनेक ठिकाणी मज्जाव होता, तेथे एका आदिवासी मुलीसाठी फाटक उघडणे ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे सिडनीचे टेनिसशिक्षक व्हिक एडवर्ड्स यांच्या साहाय्यकांनी तिचा खेळ हेरला. एडवर्ड्स स्वतः बॅरेलनला आले. मातापित्यांच्या संमतीने इव्हॉन सिडनीस गेली आणि एडवर्ड्स यांच्या कुटुंबात राहून टेनिस शिकू लागली. तिचे शालेय शिक्षणही तेथेच चालू राहिले. कपडे, रॅकेट, प्रवास यांसाठी बॅरेलनच्या गावकऱ्यांनी पैसे जमविले. कितीतरी आदिवासी मुलांना घरातून बळाने नेण्यात आले होते. ही मुलगी मात्र आईवडिलांच्या आशीर्वादाने आणि गावाच्या पाठिंब्याने घराबाहेर पडली. मदत आणि बळजबरी यांतील अंतर ते हेच.

१९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इव्हॉनने विंबल्डनच्या अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या मार्गारेट कोर्ट यांचा ६-४, ६-१ असा पराभव केला. पुढे विवाह होऊन ती एका कन्येची माता झाली. आता तिची कारकीर्द संपली, असे अनेकांना वाटले असेल. परंतु १९८० साली तिने पुन्हा विंबल्डन जिंकले. १९१४ नंतर एखाद्या मातेने हे अजिंक्यपद मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती.

कीर्ती मिळाल्यावर इव्हॉन कुंपणाबाहेरच्या मुलांना विसरली नाही. तिने आदिवासी मुलामुलींसाठी टेनिसची शिबिरे सुरू केली आणि आपल्या नावाची संस्था उभारली. या शिबिरांचा हेतू केवळ खेळाडू घडविणे हा नाही. खेळाच्या ओढीने मुलांनी यावे, आरोग्य सांभाळावे, शाळा अर्धवट सोडू नये, आणि गुणी मुलांना पुढील शिक्षणासाठी साहाय्य मिळावे, अशी त्यामागची योजना. कारण प्रत्येक मूल विंबल्डनपर्यंत पोहोचणार नाही. पण प्रत्येक मुलाला शिक्षणाने आपल्या पायांवर उभे राहता येईल.

बॅरेलनमध्ये तिच्या गौरवार्थ एक प्रचंड रॅकेट उभारलेली आहे. तिच्यापेक्षाही मोठे स्मारक म्हणजे तिने इतरांसाठी उघडलेले फाटक. गुण सर्वत्र जन्मास येतात. संधी मात्र माणसांनी माणसांना द्यावयाची असते.

स्वाध्याय

१. चकचकीत मोटार दिसताच इव्हॉनची आई मुलांना लपावयास का सांगत असे?
२. ‘मदत आणि बळजबरी यांतील अंतर ते हेच’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या शाळेत वा गावात खेळापासून दूर राहिलेली मुले आहेत काय? त्यांना खेळात सामील करून घेण्यासाठी तुम्ही काय कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.