कॉइलचे दोष कसे ओळखावेत?

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत प्रथम जावा व पुढे येझदी या नावाने मोटारसायकली तयार होत असत. त्यांतील जुन्या जावा गाडीची ६ व्होल्टची विद्युतयोजना अगदी साधी असल्यामुळे कॉइलच्या दोषांचा अभ्यास करण्यास ती सोयीची आहे. पॉइंट असलेल्या जुन्या मोटारींतही तत्त्व हेच असते.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. पहिल्यात जाड तारेचे काहीशे वेढे, तर दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो एकाएकी खंडित होतो. त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते.

ठिणगी न पडल्यास कॉइललाच दोष देण्याची घाई करू नये. प्रथम प्लग बदलून पाहावा. नंतर चावी लावून कॉइलच्या बॅटरीकडील टोकाशी व्होल्टमीटर जोडावा. तेथे दाब नसेल तर दोष बॅटरी, फ्यूज, तारा किंवा चावीच्या स्विचमध्ये आहे. तेथे दाब असेल, तर पॉइंट उघडे ठेवून कॉइलच्या दुसऱ्या टोकाशी तो मोजावा. तेथे दाब शून्य आढळल्यास पॉइंटांकडे जाणारी तार सोडून पुन्हा मोजावा. आता दाब दिसू लागला, तर कॉइलचे पहिले वेटोळे शाबूत असून बिघाड कंडेन्सरमध्ये किंवा पॉइंटांच्या जोडणीत आहे. तरीही शून्यच राहिला, तर पहिले वेटोळे तुटले आहे असे समजावे.

सर्वांत फसवा दोष उष्णतेचा होय. गाडी काही मैल उत्तम चालते, मग बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. अशा वेळी थंड कॉइलची तपासणी व्यर्थ ठरते, कारण वेटोळ्यातील विद्युतरोधक आवरण तापल्यावरच दगा देते. मात्र कंडेन्सरही असाच वागू शकतो. तो स्वस्त असल्याने आधी बदलावा. दोष कायम राहिला तरच कॉइल बदलावी.

इंजिन बंद असताना चावी लावलेली ठेवू नये. पॉइंट मिटलेले असल्यास प्रवाह अखंड वाहून कॉइल तापते आणि चांगली कॉइलही निकामी होते.