लाज, हया आणि स्त्रीचे दुखणे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मुळशी तालुक्यातील आमच्या मशिदीत अस्रची नमाज झाली, जमाअत पांगली, तरी एक तरुण गृहस्थ वजूखान्यापाशी घुटमळत राहिले. शेवटी जवळ येऊन त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. पत्नीची दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली होती, धाकटे मूल नऊ महिन्यांचे होते, आणि डॉक्टरांनी तांबी बसवून घेण्यास सांगितले होते. त्यांनी विचारले, "हजरत, हे जायज आहे का? अम्मी म्हणतात, आधी इमामसाहेबांना विचार."

मसअला मी सांगितला. पण मनात एक शंका राहिली, म्हणून त्यांच्या पत्नीने माझ्या घरी येऊन माझ्या पत्नीशी बोलावे, असे सुचवले. तेव्हा खरी हकीकत कळली. चार महिन्यांपासून त्या बहिणीला दर महिन्याला चौदा-चौदा दिवस रक्तस्राव होत होता. हे ना तिने पतीला सांगितले होते, ना डॉक्टरांना. ज्या तपासणीत तांबीचा सल्ला मिळाला, तेथे सगळे प्रश्न डॉक्टरांनी पतीला विचारले आणि उत्तरेही पतीनेच दिली. आपण नापाक आहोत या समजुतीने ते चौदाही दिवस तिने नमाज सोडली होती. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांनी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सातवर आले होते.

दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतील स्त्रियांचा जुना स्वभाव आहे, आणि त्याला आपण 'हया' असे सुंदर नाव दिले आहे. हे नाव योग्य आहे का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हया म्हणजे मौन नव्हे

हया हा ईमानचा भाग आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच शिकवले. परंतु त्यांच्याच मदीनेत स्त्रिया कोणते प्रश्न विचारीत होत्या, तेही पाहिले पाहिजे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) प्रेषितांकडे आल्या आणि सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करीत नाही, अशी प्रस्तावना करून त्यांनी स्त्रीच्या स्वप्नदोषाविषयी व गुस्लविषयी सरळ विचारले. प्रेषितांनी त्यांना अडवले नाही, उत्तर दिले. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांनीही विचारले. प्रेषितांनी स्पष्ट केले की हे पाळीचे रक्त नव्हे, ते एका रगेतून येणारे रक्त आहे. पाळीचे दिवस तेवढे नमाज सोडावी आणि ते सरल्यावर स्नान करून नमाज सुरू करावी. हे दोन्ही प्रसंग सहीह बुखारीत आहेत. अन्सारी स्त्रियांची प्रशंसा करताना हजरत आयेशा (रजि.) यांनी हेच सांगितले की दीन समजून घेण्यात त्यांची लाज आड आली नाही.

याच्या उलट बाजूचा प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला गुस्लची गरज पडली तेव्हा सोबत्यांनी माहिती नसताना सांगून टाकले की तुला सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो दगावला. प्रेषितांना हे कळले तेव्हा ते अत्यंत नाराज झाले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी बजावले. ही हदीस इमामांनी, सासूबाईंनी आणि पतींनी विशेष लक्षात ठेवावी. जाणकाराला न विचारता दिलेला धार्मिक सल्ला जीव घेऊ शकतो.

तेव्हा ज्या लाजेने मनुष्य गुनाहपासून दूर राहतो ती हया; आणि ज्या लाजेमुळे आजार लपतो व नमाज सुटते, तिला हया म्हणता येणार नाही.

पाळणा लांबवणे आणि शरीअत

हजरत जाबिर (रजि.) सांगतात की कुरआन अवतरत असण्याच्या काळात सहाबा अज़्ल करीत, म्हणजे गर्भ राहू नये याची काळजी घेत. सहीह मुस्लिममधील उल्लेखानुसार प्रेषितांना हे कळले, परंतु त्यांनी मनाई केली नाही. याच आधारावर चारही मसलकांच्या बहुसंख्य फुकहांनी तात्पुरत्या उपायांना वाव दिला. हनफी ग्रंथांत पत्नीच्या संमतीची अट आहे, कारण संततीवर तिचाही हक्क आहे. कोकणातील शाफई कुटुंबांना वंदनीय असलेले इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये ज्या हेतूंना आक्षेपार्ह मानले नाही, त्यांत बाळंतपणातील धोक्यापासून स्त्रीचा जीव जपणे हा एक हेतू आहे.

आपल्या काळात, डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात या विषयावर ठराव झाला. त्याचा सारांश असा : दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्यासाठी किंवा काही काळ थांबण्यासाठी तात्पुरता उपाय करता येतो, मात्र खरी गरज असावी, पती-पत्नीने परस्पर विचारविनिमयाने ठरवावे, उपाय अपायकारक नसावा आणि राहिलेल्या गर्भावर त्याने घाला पडू नये. शरीअतने मान्य केलेली निकड नसताना प्रजननक्षमता कायमची नष्ट करणे मात्र निषिद्ध ठरवले आहे. पुढील गर्भारपणात जिवाला धोका आहे असे विश्वासू तज्ज्ञ सांगतात तेव्हा निकडीचा नियम लागू होतो. अशा वेळी डॉक्टरांचे कागद घेऊन आलिमांना भेटावे.

सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत दूध तोडण्याचा निर्णय दोघांनी राजीखुशीने व सल्लामसलतीने घ्यावा असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान चोवीस महिन्यांचे अंतर सुचवते. हे साम्य मी पुरावा म्हणून मांडत नाही. लक्ष द्यावयाचे ते आयतीतील 'दोघांनी' या अटीकडे. बाळाचे दूध तोडण्यासाठी आईचा विचार घ्यावा लागतो, तर तिच्या गर्भाशयाविषयी ठरवताना तो किती अधिक घ्यावा लागेल!

डॉक्टर कसे निवडावे

मुळशीच्या धरणापलीकडील वाड्यांतून पावसाळ्यात बाहेर पडणे आजही सोपे नाही. तरी पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगावी आशाताई आहेत, आणि पिरंगुट-हिंजवडीकडे खासगी दवाखाने वाढले आहेत. खासगी ठिकाणी जाताना पाटीवरील पदवी वाचावी. सर्दी-तापाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांत फरक आहे. वैद्यकीचे ज्ञान नसताना उपचार करणारा नुकसानीस जबाबदार आहे, असा हदीसचा आशय आहे. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपणही घेणे किंवा औषधाच्या दुकानातून विचारून आणणे टाळावे.

फुकहांनी क्रम असा सांगितला आहे : शक्य तर मुस्लिम स्त्री डॉक्टर, नाही तर अन्य धर्मीय स्त्री डॉक्टर, तीही नसेल तर विश्वासू पुरुष डॉक्टर. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर पती, महरम किंवा विश्वासू स्त्री जवळ असावी आणि गरजेपुरताच भाग उघडावा. हा क्रम सोयीसाठी आहे. स्त्री डॉक्टर मिळेपर्यंत रक्तस्राव होणाऱ्या बाईला घरी बसवून ठेवणे हा त्याचा अर्थ नव्हे. निकड निषिद्धालाही मर्यादेपुरते मोकळे करते, हे उसूल येथेच उपयोगी पडते.

आता पतींसाठी एक विनंती. दवाखान्यात पत्नीसोबत जरूर जा, परंतु तिच्या वतीने बोलू नका. काही वेळ तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची शिकवण आहे, आणि रुग्णाचे गुपित जपणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतही कर्तव्य मानले आहे. तेथे बोललेले घरी येऊन नातेवाइकांत चघळणे ही खियानत आहे.

काय सांगावे, काय विचारावे

पाळीची तारीख, किती दिवस जाते, आधीची बाळंतपणे, अंगावर पाजते का, रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, चालू औषधे हे सर्व न विचारताही सांगावे. कारण एकच उपाय सर्वांना चालत नाही. माला-एनसारख्या संप्रेरकाच्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत, आणि रक्तदाब जास्त असेल तर त्या धोक्याच्या ठरतात. छाया या गोळीत संप्रेरक नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यावयाची असते. अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी असते. ते थांबवल्यावर पुन्हा दिवस राहण्यास काही महिने लागू शकतात. तांबी प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे चालते व हवी तेव्हा काढता येते. ती मुख्यतः गर्भधारणाच होऊ देत नाही. मात्र पहिले काही महिने पाळी जास्त जाऊ शकते, म्हणून ज्या बाईला आधीच रक्तस्राव होत आहे तिने ते सांगितलेच पाहिजे. वरील बहिणीच्या बाबतीत नेमके हेच राहून गेले होते. निरोध हा सर्वांत साधा उपाय असून त्याचा भार पुरुषाने उचलावयाचा असतो. हे उपाय सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत दिले जातात. खासगी डॉक्टरांचा सल्ला घेऊनही ते तेथून आणता येतात.

अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, हा समज अर्धवट आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील, केवळ आईच्या दुधावर आणि आईची पाळी सुरू न झालेली, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच त्याचा भरवसा धरता येतो.

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, स्तनातील गाठ यांपैकी काहीही असल्यास एक दिवसही लपवू नये. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

उपचार आणि इबादत

रक्तस्राव का होतो हे डॉक्टर सांगतील; नमाजचे काय हे आलिम सांगतील. हनफी मसलकात पाळी कमीत कमी तीन व जास्तीत जास्त दहा दिवसांची मानली जाते. रक्त दहा दिवसांच्या पुढे गेले तर तिच्या नेहमीच्या सवयीचे दिवस पाळीचे आणि उरलेले इस्तिहाज़ाचे. त्या बहिणीची सवय सहा दिवसांची होती. म्हणजे चौदापैकी आठ दिवसांच्या नमाजा तिच्यावर फर्ज होत्या व त्यांची कजा आता ती थोडी थोडी करीत आहे. शाफई मसलकात कमाल मर्यादा पंधरा दिवसांची असल्याने हिशेब वेगळा होईल. म्हणून आपल्या मसलकाच्या आलिमांनाच विचारावे. इस्तिहाज़ात रोजा ठेवता येतो आणि नमाजही होते. हनफी स्त्री प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी, तर शाफई स्त्री प्रत्येक फर्जसाठी नवा वजू करते.

तांबी शरीराच्या आत असल्याने गुस्लला बाधा येत नाही. रमजानमध्ये आतून करावयाची तपासणी शक्य तर इफ्तारनंतर ठरवावी. तातडी असेल तर थांबू नये, त्या रोजाची कजा नंतर करता येते.

दोन सीमा

पहिली, राहिलेला गर्भ. १२० दिवसांनंतर आईच्या जिवाला धोका असल्याखेरीज गर्भपात हराम आहे, आणि त्यापूर्वीही गंभीर कारणाशिवाय नाही. १९७१ च्या कायद्यानेही तो नोंदणीकृत डॉक्टरांकडे, मान्यताप्राप्त ठिकाणीच करता येतो. दुकानातून गोळ्या आणून घरी घेणे दीन आणि जीव दोन्ही धोक्यात घालणारे आहे. दुसरी, मुलगा की मुलगी हे विचारणे. १९९४ च्या कायद्याने ते गुन्हा ठरवले; कुरआनने तर जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी तिचा अपराध विचारला जाईल असे सांगून मन हादरवले आहे.

आपल्या लेकी

कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रेषितांच्या काळात हजरत रुफैदा (रजि.) यांचा जखमींच्या शुश्रूषेचा तंबू मशिदीतच होता. इमाम गझाली वैद्यकीला फर्जे किफाया म्हणतात, म्हणजे कोणीच शिकले नाही तर सर्वच गुनाहगार. आपल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी असेल, तर कोणाची तरी लेक डॉक्टर झाली पाहिजे. बारावीनंतर तिचे शिक्षण थांबवायचे आणि पुढे सुनेसाठी स्त्री डॉक्टर शोधत फिरायचे, हे विसंगत आहे.

त्या बहिणीवर उपचार झाले. लोहाच्या गोळ्यांनी रंग परतला. तांबीऐवजी दुसरा उपाय डॉक्टर, ती आणि तिचे पती यांनी मिळून ठरवला. मध्यंतरी तिच्या सासूबाई आमच्या घरी आल्या आणि माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "बेटी, मलाही एक विचारायचे होते. सहा महिने झाले..." दुसऱ्याच दिवशी सूनच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

अल्लाह आपल्या माता-भगिनींना आफियत देवो, विचारण्याचे धैर्य देवो आणि आपणा पुरुषांना ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.